बाळंतविडा : हवे ते आणि नको ते

वाचन : निर्गम २:१-१०, १ शमुवेल २:१८-१९, लूक २:१-७



पहिल्या बाळाची वाट पाहताना आम्ही नवराबायकोने एक यादी केली होती. पाळणा, बाबागाडी, वॉकर, दुधाच्या बाटल्यांचा संच, मोहरीची उशी, बारा झबली. ट्रॉम्बेत आमची एकच खोली आणि गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागते. तरी बाबागाडी हप्त्यांवर आणली.

बाळ महिनाभर आधीच आले. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे समजतात. त्याच्या अंगात ऊब टिकत नाही. पत्नीला शस्त्रक्रियेनंतर उठता येत नव्हते. परिचारिकेने मला शर्ट काढायला सांगितला, टोपडे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवले आणि वरून चादर गुंडाळली. ती रात्र मी तसाच बसून काढली. आमच्या यादीतली एकही वस्तू त्या रात्री कामी आली नाही.

या पद्धतीला कांगारू काळजी म्हणतात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण रुग्णालयात काचेच्या उबदार पेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी हीच पद्धत जन्मल्याबरोबर सुरू करायला सांगते.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो : ही बाळाचे कोणते काम करते? शास्त्रातील तीन माता हाच धडा देतात.

१. योखबेदची पेटी : जागा पाहून वस्तू. तिने लव्हाळ्यांची पेटी केली आणि आत पाणी शिरू नये म्हणून तिला डांबर व राळ लावली. नदीत ठेवायची तर तेच हवे होते. आम्ही खाडीकाठी राहतो, म्हणून आमची पहिली गरज मच्छरदाणी होती, आणि नेमकी तीच यादीत नव्हती. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर डिसेंबरात बाळ जन्मले तर टोपडे, पायमोजे आणि गोधडी आधी हवी. ट्रॉम्बेत मे महिन्यात तीच गोधडी बाळाला उकाड्याने हैराण करील. झोपवताना बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर ठेवावे. उशी नको, मोहरीचीही नको. आणखी एक गोष्ट पाहा. पेटी सोडून योखबेद निश्चिंत झाली नाही; मोशेची बहीण दूर उभी राहून लक्ष ठेवत होती. वस्तू कितीही चांगली असली तरी माणसाची नजर लागतेच.

२. हन्नाचा झगा : मापापुरते कपडे. ती शमुवेलासाठी दरवर्षी एक लहान झगा करून नेत असे. एकदम दहा वर्षांचे झगे शिवून ठेवले नाहीत. आमची बारा झबली पहिला महिना ढगळ होत होती आणि बाळ भरल्यावर पाहता पाहता तोकडी झाली. सहा पुरली असती. लंगोट मात्र डझनभर लागतात, दुपटी सहा-सात. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून दिली. नव्या कापडापेक्षा ती मऊ होती आणि उन्हात लवकर वाळत.

३. मरीयेची गव्हाणी : हाताशी आहे त्यात काळजी. आपल्या प्रभूला पाळणा मिळाला नाही, पण कापडात गुंडाळणारे हात मिळाले. पाळण्यावाचून बाळाचे अडत नाही. ऊब, स्वच्छता आणि आईचे दूध यांवाचून अडते. पहिले सहा महिने आईचे दूध पुरे. आमच्या बाळाला सुरुवातीला ओढता येईना, तेव्हा काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने पाजले. बाटल्यांचा संच तसाच पडून राहिला. वॉकर तर मुलाला चालायला शिकवीतही नाही. पडून दुखापती होतात म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

आता आपल्या सेवेचा विचार करू. पाड्यांवरील मातांसाठी आपण बाळंतविडा पाठवतो, तेव्हा घरातले नको झालेले सामान भरण्याचा मोह होतो. मी स्वतः त्या बाटल्या गाठोड्यात टाकायला निघालो होतो. पण १९९२ च्या कायद्याप्रमाणे दुधाची बाटली किंवा तान्ह्या बाळाचे डब्याचे दूध अनाथालयाखेरीज कोणालाही दान करता येत नाही. कारण साधे आहे. जिथे पाणी दुरून आणावे लागते आणि सरपण तुटपुंजे असते, तिथे बाटली नीट उकळली जात नाही. त्यातून जुलाब होतात आणि आईचे दूधही कमी होते. आपल्या दानाने बाळाचा जीव धोक्यात येऊ नये.

डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९५ पासून ३९ गावांत हेच काम केले. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्यांच्याकडे वजनकाटा, तापमापक, बाळाला उबदार ठेवायची कापडी पिशवी आणि काही औषधे असत. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताई अशा भेटी देतात : घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या ४२ दिवसांत सात, दवाखान्यात जन्मलेल्याला सहा.

म्हणून गाठोड्यात एवढेच भरा : धुतलेली मऊ सुती दुपटी, लंगोट, दोन टोपडी, पायमोजे, चार झबली, एक गोधडी, लहान मच्छरदाणी, साबणाची वडी आणि आईसाठी एक लुगडे. सोबत कोणीतरी जाऊन आईजवळ बसेल, तर उत्तम.

आमची बाबागाडी आम्ही विकली. मुलगी आता गल्लीभर धावते.

मननासाठी प्रश्न
१. मी देत असलेली वस्तू त्या घरात, त्या पाण्यात, त्या हवामानात कामाची आहे का?
२. माझ्या मंडळीत पहिल्यांदा आईबाप होणारे कोण आहेत? त्यांना वस्तू हवी आहे की सोबत?

प्रार्थना विषय : पाड्यांवर या थंडीत जन्मणारी बाळे, त्यांच्या माता आणि दारोदार चालत जाणाऱ्या आशाताई.