शुगर नॉर्मल आली, तरी ही गोळी बंद करू नकोस

अगं, अण्णांना घाटी हॉस्पिटलमधून घरी आणलंस, जीव भांड्यात पडला बघ. पण हार्ट फेल्युअरमध्ये सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडेच जास्त धोक्याचे असतात. म्हणून नीट ऐक.

तू म्हणालीस, शुगर तर नॉर्मल आली, मग डापाग्लिफ्लोझिन कशाला द्यायची? ती गोळी डायबेटिसची खरी, पण अण्णांना ती हृदयासाठी दिलीय. मूत्रपिंडात गाळलेली साखर आणि मीठ ती परत रक्तात जाऊ देत नाही, लघवीवाटे बाहेर काढते. सोबत पाणीही जातं आणि हृदयावरचा भार उतरतो. २०१९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना डायबेटिस नव्हताच, तरी आजार बळावण्याचं किंवा हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटलं.

महाग पडते म्हणून दिवसाआड देऊ नकोस. तिचं पेटंट संपलंय, स्वस्त कंपन्यांच्याही मिळतात. डॉक्टरांना विचारून बदल. घरातल्या जुन्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर ती आधी डॉक्टरांना दाखव, तिने अंगात पाणी साठतं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आले की चहाच्या आधी त्यांचं वजन कर आणि कालनिर्णयवर लिहून ठेव. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री उशी उंच लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. परवा शहागंजच्या टॉवरपर्यंत सहज गेलेला माणूस आज अर्ध्या वाटेत धापा टाकत थांबला, हीसुद्धा खूणच. लोणचं, पापड, फरसाण ताटाबाहेर.

आता गोळीची काळजी. तिने लघवीच्या जागी खाज, बुरशी येऊ शकते. अण्णा सुनेला कधीच सांगायचे नाहीत. नवऱ्यालाच विचारायला लाव. उलट्या-जुलाब झाले, तापात जेवण सुटलं, तर त्या दिवशीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. एकादशीच्या उपवासाचंही आधी विचार, आणि शेजारचे चाचा हीच गोळी घेत असतील तर त्यांनाही रोज्यांआधी विचारायला सांग. ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू आहे हे आठवणीने सांग, ती काही दिवस आधी थांबवावी लागते. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास लागला, तर मीटरवर शुगर नॉर्मल दिसली तरी सरळ घाटी गाठ.

गोळी डॉक्टरांनी सुरू केलीय, थांबवतील तेही तेच. शेजारीपाजारी काय म्हणतात, व्हॉट्सॲपवर काय येतं, ते मनावर घेऊ नकोस. काहीही शंका आली तर रात्री-अपरात्री मला उठव, पण मनाने गोळी बंद करू नकोस.