आकडा, ओहोटी आणि अक्सा

मालाडला समुद्र आहे, याची आठवण कधीकधी मालाडकरांनाही करून द्यावी लागते. स्टेशनबाहेरच्या गर्दीतून सुटून बस एकदाची मार्वे रस्त्याला लागली, की पुढे अक्सा, दाणापाणी, एरंगळ, मढ अशी किनाऱ्यांची रांगच आहे. तिथल्या पाण्यात उतरावं की नाही, एवढ्या साध्या प्रश्नापायी मला पाण्याचे सरकारी अहवाल वाचायचा नाद लागला. माणसाला याहून बरे नाद असतात, ठाऊक आहे. पण या नादातून कळलेल्या या सात गोष्टी.

१. माहिती कुणी लपवलेली नसते. ती फक्त वाळूपर्यंत चालत येत नाही. मला वाटलं होतं, अर्जफाटे करावे लागतील. तसं काही नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जुहू, वर्सोव्यासारख्या ठिकाणच्या समुद्राचे आकडे संकेतस्थळावर टाकतं; महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवालही दरवर्षी निघतो. पण अक्साला जे फलक माझ्या नजरेस पडले, ते बुडण्याचा धोका सांगणारे. तेही रास्तच, तिथे जीव गेलेत. २०२० साली दीवमधल्या घोघलासह देशातल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं. त्या मानांकनाची एक अटच अशी, की पाण्याच्या तपासणीचे निकाल किनाऱ्यावर लावायचे. म्हणजे हे अशक्य कोटीतलं नाही.

२. एकच आकडा दिला, की आपण खूश होतो. पाण्याचा दर्जा निर्देशांक ६३च्या वर गेला की पाणी ‘चांगलं’. पण त्यात चार विषयांचे गुण मिसळलेले असतात: विरघळलेला प्राणवायू ३१ टक्के, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू २८, सामू (पीएच) २२ आणि बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, १९. समुद्राचा सामू मुळातच आठाच्या आसपास असतो, त्यामुळे त्या विषयात त्याला जवळजवळ आयतेच गुण. चित्रकलेच्या मार्कांवर टक्केवारी सावरलेल्या माझ्यासारख्याला ही युक्ती लगेच ओळखू आली. तेव्हापासून मी बेरीज शेवटी बघतो. आधी कोलिफॉर्मचा रकाना.

३. डोळ्यांना जे कळतं, ते फार थोडं. आमचा समुद्र गाळामुळे मातकट. पाहुणे त्याला घाण म्हणतात आणि गोव्याच्या निळ्या पाण्याच्या आठवणी काढतात. पण गाळ वेगळा, मैला वेगळा. आंघोळीच्या समुद्रासाठी कोलिफॉर्मचं मानक १०० मिलिलिटरमागे १०० आहे, आणि ते जिवाणू नितळ पाण्यातही दिसत नाहीत. शिवाय ते स्वतः बहुधा रोग करत नाहीत. मैला इथवर पोचलाय, एवढी चुगली करतात. माणसाचा की किनाऱ्यावरच्या कुत्र्या-घोड्यांचा, हेही सांगत नाहीत.

४. किनाऱ्याच्या पाण्याला मागचा पत्ता असतो, आणि तो बरेचदा आपल्याच घराचा निघतो. पोईसर नदी राष्ट्रीय उद्यानातून निघते, ओशिवरा आरेतून. दोघी वस्त्यांमधून वाट काढत मालाड खाडीला मिळतात आणि ती खाडी वर्सोवा-मढच्या मधून समुद्राला. मालाडला दिवसाला ४५.४ कोटी लिटर क्षमतेचं नवं मलप्रक्रिया केंद्र ठरलं आहे. जानेवारी २०२३मध्ये मुंबईतल्या अशा सात केंद्रांचं भूमिपूजन झालं, त्यात वरळीखालोखाल मोठं हेच. हा आकडा वाचल्यापासून किनाऱ्यावर नाक मुरडताना जरा अवघडायला होतं. एवढ्या लिटरांत आमच्या मोरीचेही थोडे आहेतच.

५. आकडा नेहमी होऊन गेलेल्या पाण्याचा असतो. बीओडीची चाचणीच तीन दिवसांची. निकाल हाती येईपर्यंत ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. म्हणून सिडनीत किनाऱ्यांचं पाणी तपासणारे ‘बीचवॉच’वाले निकालांबरोबर एक साधा नियमही सांगतात: जोराचा पाऊस झाला की खुल्या समुद्रात एक दिवस पोहू नका, खाडीत तीन दिवस. पाऊस नाल्यांमधलं सगळं धुऊन समुद्रात आणतो, मग ते सिडनी असो की मालाड. हा नियम आपल्याकडे लावला तर जून ते सप्टेंबर भजी खात लांबूनच लाटा बघाव्यात. मला ते सहज जमतं. भज्यांसाठी मी कुठलाही नियम पाळतो.

६. प्रश्न नीट विचारणं हेही शिकावं लागतं. मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळी मावशींना मी विचारलं, “मावशी, पाणी कसं आहे इथलं?” बोंबील उलटत त्या म्हणाल्या, “कुठलं? भरतीचं का सुकतीचं?” मी गप्प. ओहोटीला खाडी आपलं पाणी बाहेर सोडते, भरतीला समुद्र आत येतो. एकाच जागी सकाळ-दुपारचं पाणी वेगळं. मग त्यांनीच हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या. एवढे अहवाल चाळले, पण दारावरच्या कालनिर्णयात तिथीचा रकाना वाचायचं सुचलं नव्हतं.

७. आकडे निर्णय देत नाहीत, निर्णयाची चव बदलतात. घरी आता मलाच ‘प्रदूषण मंडळ’ म्हणतात. अक्साला जायचं ठरलं की भाची विचारते, “मंडळाचं काय म्हणणं?” मंडळ पाऊस आठवतं, तिथी बघतं, मागच्या महिन्यांचे आकडे चाळतं आणि सांगतं: घोट्याएवढ्या पाण्यात चाला, पायाला जखम असेल तर तेही नको, तोंडात पाणी घेऊ नका, आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजली की मंडळाचंही ऐकू नका. एवढं ऐकून घेईपर्यंत पोरं गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचलेली असतात. अंमलबजावणीत सगळी मंडळं सारखीच.