खुराड्यांतलें विमान

जुनी वस्तु दुरुस्त करणें आणि नवी वस्तु जुन्यासारखी बनविणें, ह्यांतील भेद दिसतो तितका सोपा नाहीं. इंग्लंडांत यॉर्क शहरानजीक एल्व्हिंग्टन येथें जें विमानसंग्रहालय आहे, तेथील एका विमानाच्या वृत्तांतावरून तो ध्यानांत येतो.

दुसऱ्या महायुद्धांत हा ब्रिटिश बाँबफेकी विमानांचा तळ होता; १९४४ पासून तेथें फ्रेंच वैमानिकांचीं दोन पथकें होतीं. त्यांचीं विमानें हॅलिफॅक्स जातीचीं, चार इंजिनांचीं. अशीं सहा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. पण युद्धानंतर तीं मोडींत निघालीं, एकहि संपूर्ण राखून ठेवलें गेलें नाहीं. ब्रिटिश बाँबफेकी दलाचे ५५,००० हून अधिक लोक त्या युद्धांत मृत्यु पावले. त्या बाँबांखालीं शहरें जळालीं, हेंहि विसरतां येत नाहीं. ह्या दोन्ही गोष्टींची साक्ष देणारें यंत्र मात्र उरलें नव्हतें.

पुढें तळावरील ओसाड इमारतींभोंवतीं झुडपें माजलीं. त्या पाडण्याचें घाटत असतां रेचेल सेम्लिन नांवाच्या बाईंनीं जमीनमालकांची गांठ घेतली. विनावेतन काम करणारीं माणसें जमलीं. रान तोडण्यापासून कामास आरंभ झाला.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १९४५ सालीं एक हॅलिफॅक्स संकटांत सांपडून उतरलें होतें. त्याच्या धडाचा एक तुकडा एका शेतकऱ्यानें कोंबड्यांचें खुराडें म्हणून वापरला. लूककृत शुभवर्तमानांतील बाईनें एका नाण्यासाठीं सारें घर झाडलें, त्याची येथें आठवण होते. तो तुकडा एल्व्हिंग्टनला आणिला. पंख हेस्टिंग्ज जातीच्या दुसऱ्या विमानाचे जोडले, इंजिनें फ्रेंच विमानदलाकडून मिळालीं, आणि उरलेला बराच भाग नव्यानें घडविला. १३ सप्टेंबर १९९६, शुक्रवार, ह्या दिवशीं विमान बाहेर आलें. नांव ठेविलें ‘फ्रायडे द थर्टीन्थ’. मूळ त्या नांवाच्या हॅलिफॅक्सनें १२८ स्वाऱ्या केल्या होत्या, आणि तेंहि पुढें मोडलें गेलें.

मग हें खरें हॅलिफॅक्स काय? लंडनच्या हेंडन संग्रहालयानें उलट मार्ग धरिला. १९७३ सालीं नॉर्वेतील सरोवरांतून काढलेलें हॅलिफॅक्स त्यांनीं बहुतांशीं मोडक्या स्थितींतच ठेविलें. यंत्र केवढें होतें हें एल्व्हिंग्टनला कळतें; युद्धानें त्याचें काय केलें हें हेंडनला. माझ्या मतें दोन्ही रीति प्रामाणिक आहेत, मात्र कोणता भाग कोठला हें पाहणारास सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास ती फसवणूकच.

विमान उभें राहिलें म्हणजे काम संपत नाहीं. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी खिळ्याला टेकला आणि मध्यें ओल शिरली, कीं विज्ञानवर्गांतील विजेच्या घटांत जस्त झिजतें तसा पत्रा झिजूं लागतो. वरचा रंग शाबूत, आंत पांढरी भुकटी! म्हणून सांधे उघडून पाहावे लागतात. चाकांवर एकाच जागीं भार राहूं नये म्हणून विमान अधूनमधून हलवावें लागतें, इंजिनांतून पांखरांचीं घरटीं काढावीं लागतात, गळकीं छपरें शाकारावीं लागतात. हीं कामें पाहावयास कोणी तिकीट काढीत नाहीं. आणि धांवपट्टीकडेचें गवत तर कापल्यावर पुन्हा वाढतेंच.