सांगायचे केव्हा? मार्कची गोष्ट

मालिका पाहणाऱ्या पेशंटांची मी नेहमी थट्टा करतो. संध्याकाळी दवाखाना भरलेला असतो आणि मालिकेची वेळ झाली की निम्म्या बायका घड्याळाकडे पाहू लागतात. पण आज कबूल करतो, डॉक्टरीतला एक मोठा धडा मीही एका मालिकेतूनच शिकलो. ती मालिका आपल्याकडची नाही, लंडनची आहे.

२००१ साली मी तीन आठवडे मावसभावाकडे लंडनला राहिलो होतो. वहिनी संध्याकाळी 'ईस्टएंडर्स' लावून बसत. बीबीसीवर ही मालिका १९८५ पासून चालू आहे. लंडनच्या पूर्व भागातल्या एका चौकातली साधी माणसे, त्यांची भांडणे, जुळलेली आणि मोडलेली लग्ने. त्यात मार्क फाउलर नावाचा एक तरुण होता. बाजारात फळे-भाजी विकणारा, आणि एचआयव्हीची लागण झालेला. आधीचे कथानक वहिनींनी मला सांगितले, पुढचे फोनवर कळत राहिले.

मार्कचे प्रेम सरळ कधी गेलेच नाही. डायेन नावाच्या मुलीशी जवळीक झाली, पण हा सारखा मागे सरे. अखेर १९९१ च्या जानेवारीत त्याने तिला खरे सांगितले. ती पळाली नाही. समुपदेशकाकडे जायला तिनेच त्याला लावले. आईवडिलांना सांगायला मात्र त्या वर्षीचा नाताळ उजाडला. पुढे गिल आली, तिलाही हाच आजार. १९९२ मध्ये त्यांनी लग्न केले आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. १९९५ मध्ये रूथशी लग्न झाले. तिला सगळे माहीत होते, तरीही तिने होकार दिला. पण पुढे मुलाच्या प्रश्नावरून संसार विसकटला. चौकातल्या गुत्त्याच्या मालकिणीला, पेगीला, त्याचा आजार कळला तेव्हा तिने त्याला हाकलायचा चंग बांधला. अज्ञान दुसरे काय!

"रूथला लग्नाआधीच सगळं ठाऊक होतं हं," वहिनी सहज म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याचे कारण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. १९९८ साली परिचयातल्या घरचा एक मुलगा माझ्याकडे आला. तपासणीत एचआयव्ही निघाला. त्याचा साखरपुडा झालेला होता. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पत्रिका छापून झाल्या. आता तोंड उघडू नका." मी गप्प बसलो. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा आमचा नियम. त्याच्या आड मी लपलो. पण मुलाला दोनदा बोलावून, समोर बसवून, "तू स्वतः तिला सांग, हवं तर मी बरोबर बसतो," एवढे म्हणणे तर माझ्या हातात होते. तेही मी केले नाही. दोन वर्षांनी ती मुलगी कडेवर बाळ घेऊन, महिनाभराच्या तापाची तक्रार घेऊन माझ्यासमोर बसली. पुढचे लिहवत नाही.

मार्क चुकला, घाबरला, रागावला. पण दर खेपेला थोडा मोठा झाला. आधी लपवणारा मुलगा पुढे सांगू शकणारा माणूस झाला. शेवटी त्याने लिसाशी लग्न केले, तिच्या दुसऱ्यापासून झालेल्या मुलीला आपली मानले. तेही टिकले नाही. औषधे लागू पडेनाशी झाल्यावर २००३ मध्ये तो घर सोडून गेला, आणि २००४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या मृत्यूची बातमी मालिकेत आली. योगायोग असा की त्याच महिन्याच्या १ तारखेपासून भारत सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

आज मार्कचे कथानक लिहायला घेतले तर लेखकाला ते बदलावे लागेल. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. ही स्थिती सहा महिने टिकली आणि गोळ्या चालू ठेवल्या, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेवर उपचार घेतले आणि बाळालाही औषध दिले, तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचाहून कमी राहतो. म्हणजे रूथचा प्रश्न आज सुटण्यासारखा आहे. लग्न होऊ शकते, मूल होऊ शकते. होऊ नये ती फक्त फसवणूक.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पत्रिका जुळवता तशी लग्नाआधी दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते. मात्र ती स्वखुशीने करावी. कोणावर सक्ती करता येत नाही.

२. धोका नुकताच घडला असेल तर पहिला निकाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

३. लागण निघाली तर लगेच उपचार सुरू करावेत. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

४. जोडीदाराला सांगणे अवघड वाटते, हे खरे. समुपदेशकाच्या किंवा डॉक्टरांच्या समोर सांगावे. सांगायची वेळ साखरपुड्याच्या आधीची.

५. एकत्र जेवण्याने, हात धरण्याने, एका संडासाने हा आजार पसरत नाही. पेगी होऊ नका.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने रुग्णाचे नाव फोडायला मनाई आहे. पण जोडीदाराला खरा धोका असेल आणि समजावूनही रुग्ण सांगणार नाही असे दिसले, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला समक्ष सांगू शकतात. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

त्या मुलाच्या वडिलांसारखे कोणी आजही येते. मी आधी खुर्ची पुढे करतो, चहा सांगतो, आणि म्हणतो, "पत्रिका पुन्हा छापता येतात."