शंका-समाधान : जुन्या दिवाळी अंकांतली चित्रं

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत १९५०-६० च्या सुमाराचे वीसेक दिवाळी अंक सापडले. कथांपेक्षा चित्रांतच जास्त रमलो. पण ‘छान आहे’ याच्यापुढे काही बोलता येत नाही. नेमकं पाहायचं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी चेहऱ्याचा मोह आवरा. आपण सगळे नायिकेच्या डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि तिथंच अडकतो. अंक उलटा धरा, डोळे किलकिले करा. माणसं नाहीशी होतील. काळे डाग आणि कोरा कागद एवढंच उरेल. उलटं धरूनही ते डाग एकमेकांचा तोल सांभाळत असतील, तर काढणाऱ्याचा हात तयार होता असं खुशाल समजा.

आत्ता माझ्यासमोर एक पान आहे. सही कडेला छाटली गेलीय, त्यामुळे चित्रकार कोण ते कळत नाही. डावीकडे वाड्याचं दार, निव्वळ काळं. चौकटीला टेकलेली सून पाठमोरी. नऊवारीचा सगळा घोळ चार रेघांत. उजवीकडे अगदी खाली, नखाएवढी बैलगाडी. मधे काही नाही. अंगण नाही, झाड नाही, क्षितिजाची रेघसुद्धा नाही. गाडीमागे चाकोऱ्यांच्या दोन रेघा तेवढ्या निघतात आणि तिच्या पायांपर्यंत न पोचता मधेच थांबतात. चित्राला चौकट नसल्यामुळे कथेचा मजकूर त्या मोकळ्या जागेत उतरलेला आहे. म्हणजे तिच्यात आणि गाडीत जे अंतर पडलंय, तेच आपण वाचत असतो. नवशिक्यानं तिथं हमखास तुळशीवृंदावन काढलं असतं. (मी तरी काढलं असतं.)

प्रश्न : या चित्रांत करड्या छटा इतक्या कमी का? सगळं एकतर काळं, नाहीतर पांढरं. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कारण चित्र कागदावर पुरं होत नसे, ब्लॉकवर होत असे. लाइन ब्लॉक म्हणजे जस्ताचा पत्रा. पांढरं राहायचं तेवढं आम्लानं खाऊन खोल जायचं, उंच उरलेल्या भागाला शाई लागायची. शाई लागेल किंवा लागणार नाही. मधलं काही नाही. छटा हवी तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे जाळीतून फोटो घेऊन चित्राचे ठिपके करायचे. आर्ट पेपरवर ते झकास उठत. खरबरीत कागदावर शाई फुटून चेहऱ्याचा चिखल. म्हणून चित्रकारानं करडा रंग हातानं घडवला: बारीक तिरप्या रेघा, टाकाचे ठिपके, किंवा जवळजवळ कोरडा कुंचला कागदावर घासून.

त्यातही एक मेख होती. मूळ चित्र छपाईच्या दीडपट-दुप्पट काढत आणि कॅमेऱ्यानं लहान करत. लहान झालं की रेघा जवळ येतात, फटी शाईनं बुजतात. तेव्हा डोळ्याला हवी त्याहून जास्त फट आधीच सोडायची. म्हणून मूळ चित्र हातात आलं तर जरा विरळ वाटतं. माझ्या पहिल्याच कामात मी सावकाराची दाढी केस न् केस काढून दिली होती. प्रूफ हातात देताना ब्लॉकवाले काका म्हणाले, “दाढी काढलीत का डांबर?”

प्रश्न : दलाल मोठे की मुळगावकर? घरात दोन तट पडलेत. (एक वाचक, पणजी)

उत्तर : दोघेही मूळचे गोव्याचे, तेव्हा कोणीही जिंकलं तरी तुमचं नुकसान नाही. रघुवीर मुळगावकरांची (१९१८-१९७६) करामत स्प्रेत. गालावर उजेड कुठे संपला आणि सावली कुठे लागली, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची त्यांची मुखपृष्ठं लांबूनच गिऱ्हाईक ओढत. दीनानाथ दलालांनी (१९१६-१९७१) १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ काढलं, त्यामुळे चित्रासकट अख्खं पान त्यांच्या हाती आलं. त्यांची रेघ वळणावर जाड होते, सुटताना निमुळती होते, आणि पानावर कुठे थांबायचं हे तिला ठाऊक असतं. कांती पाहायची तर मुळगावकर, मांडणी पाहायची तर दलाल; मी मांडणीच्या बाजूचा. आणि या भांडणात वसंत सरवट्यांना विसरू नका. त्यांची रेघ सुंदर दिसायला जातच नाही, थेट माणसाची खोड पकडते.

प्रश्न : आवडलेली पानं कापून फ्रेम करू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नको. समोरच्या पानासकट केलेली मांडणी कापल्यावर मोडते, आणि भिंतीवरच्या उजेडात तो कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. स्कॅन करून त्याची प्रत लावा. अंक उन्हापासून दूर, आडवे ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच नको. पट्टी वाळून गळून पडते, तपकिरी डाग राहतो, आणि तो नेमका चित्रातल्या कोऱ्या जागेवर उमटतो.