पाळीचं दुखणं : आधी निदान मागा

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळ येणं, कंबर भरून येणं हे बहुतेकींच्या ओळखीचं आहे. गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळलं जातं आणि दुखतं. हे दुखणं सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतं. शेक घेतला, साधी गोळी घेतली की बाई कामाला लागते.

माझं तसं नव्हतं. पाळी यायच्या आधीपासूनच ओटीपोट जड व्हायचं, उजवी मांडी गुडघ्यापर्यंत ठणकायची आणि शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. पाळी संपली तरी दुखणं मागे उरायचंच. बार्शीच्या शाळेत असताना मी दर महिन्याला घरी बसायचे. आई गरम पाण्याची पिशवी द्यायची, ओवा-गुळाचा काढा करायची. आत्या म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, एक मूल होऊ दे, मग मोकळी होशील. या बायकांनी मला जे सांगितलं ते मायेनं सांगितलं, त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं होतं. पण पांढरा कोट घातलेल्या माणसांनीही मला हेच सांगावं, याचा राग मला आजही येतो.

एका ठिकाणी आतड्याचा त्रास म्हणून औषधं मिळाली. एका ठिकाणी अपेंडिक्सचा संशय घेऊन ते काढून टाकलं. पुढच्या पाळीला कळ जशीच्या तशी परत आली. पोटावरून केलेली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, आणि तो कागद पुढची कित्येक वर्षं माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला. फाइल उघडायची, रिपोर्ट बघायचा, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला बोलवायचं. इलाज भरपूर मिळाले. आजार कोणता, हे मात्र कुणी शोधत नव्हतं.

मूल होत नाही म्हणून पुण्यात तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा पहिल्यांदा एका डॉक्टर बाईंनी विचारलं, “पाळीत शौचाला जाताना दुखतं का? संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं का? लघवीला त्रास होतो?” तिन्हींना मी हो म्हटलं. नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं असं सगळं मी त्या खोलीत बोलले. नंतर योनिमार्गातून सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी होत्या, ज्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात. गर्भाशयाचा मागचा भाग आतड्याला चिकटलेला होता. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढतात. तिथे सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. हे का होतं याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पाळीचं काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, हा विचार जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ साली मांडला. पण उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो आणि आजार काहींनाच होतो, त्यामुळे एवढ्यानं कोडं सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना, हा आजार आहे. इतक्या जणींचा आजार ‘दुर्मीळ’ कसा म्हणायचा?

म्हणून माझं पहिलं सांगणं सोनोग्राफीबद्दल आहे. पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाही, असा तिचा अर्थ होत नाही. अंडाशयातल्या मोठ्या गाठी तीत दिसू शकतात, पण पडद्यावरचे बारीक ठिपके बहुधा सुटतात आणि आतड्याजवळचे खोल व्रण ओळखायला त्या कामाचा सराव असलेला डॉक्टर लागतो. सीए-१२५ ही रक्ततपासणीही यात निर्णायक नाही. ती वाढलेली दिसली म्हणून कॅन्सरच्या भीतीनं गळून जाऊ नका, आणि नॉर्मल आली म्हणून गप्पही बसू नका. पूर्वी दुर्बिणीनं पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ साली युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेनं आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. आता लक्षणं आणि चांगलं इमेजिंग यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. इमेजिंगमध्ये काही सापडलं नाही किंवा औषधांनी गुण आला नाही, तर दुर्बिणीचा विचार होतो.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. ‘मिसेस का मिस?’ या प्रश्नाच्या उत्तरावर तपासणी ठरते. लग्न न झालेल्या मुलीची योनिमार्गातून सोनोग्राफी करत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण म्हणून तिचा तपासच थांबवायचा, हे मला मान्य नाही. एमआरआय करता येतो, काही केंद्रांत गुदमार्गातून सोनोग्राफी होते. “माझ्यासाठी दुसरा कोणता मार्ग आहे?” हे मुलीनं किंवा तिच्या आईनं स्पष्ट विचारायलाच हवं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी निदान दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. साधी वही पुरते. दुखणं कधी सुरू झालं, कुठे, दहापैकी किती. कोणती गोळी घेतली आणि किती वेळानं उतार पडला. त्या दिवशी काय करता आलं नाही. ही शेवटची नोंद फार कामाची ठरते. ‘खूप दुखतं’ हे डॉक्टर दिवसातून अनेकदा ऐकतात. ‘उभं राहून पोळ्या लाटता आल्या नाहीत, बारावीच्या प्रॅक्टिकलला जाता आलं नाही’ हे ऐकल्यावर लिहिता हात थांबतो. रक्तस्राव किती, हेही लिहा. दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, मोठ्या गुठळ्या पडणं, आठ दिवसांपेक्षा जास्त जाणं हे जास्त आहे. असं होत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच रक्त कमी असलेल्या बाईनं जास्त जाणं अंगावर काढायचं, हे किती महागात पडतं ते सांगायला नको. पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर सहज काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्याचा दोष आहे का तेही बघायला लागतं.

प्रत्येकीचं दुखणं एंडोमेट्रिओसिसचंच असेल असं नाही. अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलं तर अ‍ॅडेनोमायोसिस, स्नायूंच्या गाठी झाल्या तर फायब्रॉइड. जंतुसंसर्ग असू शकतो. जननमार्गाचा क्षयरोग आपल्या देशात विसरून चालत नाही. इलाज प्रत्येकाचा वेगळा, म्हणून तर निदानाचा आग्रह.

गोळ्यांबद्दलही सांगते. मेफेनामिक अ‍ॅसिडची गोळी आपल्या घराघरात असते आणि मेडिकलवाला ती सहज देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशननं या औषधाबद्दल इशारा दिला. क्वचित कुणाला त्यानं ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. गोळी टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण ती उपाशीपोटी घेऊ नका, आणि दर महिन्याला पट्टीच्या पट्टी लागत असेल तर तेच डॉक्टरांना दाखवण्याचं कारण समजा. हार्मोनच्या उपचारांत डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोनची तांबी असे पर्याय आहेत. ते आजार दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत. मूल हवं असेल तेव्हा बेत बदलावा लागतो, म्हणून ते आधीच सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. निदान व्हायच्या आधी, पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, मला एका रुग्णालयात ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असा सल्ला मिळाला होता. काय झालंय हे ठाऊक नसताना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ मध्ये उघड झालेलं वास्तव आठवा. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना आडोसा, आणि पोटदुखी घेऊन गेलं की कॅन्सरची भीती दाखवली जाते. अशा बाईनं आणखी काय करायचं? अनावश्यक शस्त्रक्रियांवर देखरेखीसाठी केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला.

गर्भाशय काढणं काही जणींसाठी योग्य उपचार असतो, अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये तर अनेकदा. पण एंडोमेट्रिओसिसचे व्रण गर्भाशयाबाहेर असतात. ते तसेच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. अंडाशयंही काढली तर तरुणपणीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तेव्हा कागदावर सही करण्याआधी विचारा : माझं निदान काय आहे? काय काढणार आणि काय ठेवणार? व्रण आतड्यावर असतील तर त्यातला सर्जन बरोबर असेल का? काढलेला भाग तपासायला पाठवणार का? उत्तर द्यायला डॉक्टरांना वेळ नसेल, तर सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म घेऊन दुसऱ्याचं मत घ्या. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागातही ते घेता येतं. मूळ कागद कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या.

माझी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, गर्भाशय राहिलं, गोळी चालू आहे. एखाद्या महिन्यात अजून दुखतं, पण मी कामावर जाते. ज्यांच्या घरात बारा-चौदा वर्षांची मुलगी पाळीमुळे दर महिन्याला शाळा बुडवते आहे, त्यांनी तिच्या लग्नाची वाट बघू नये. पुढची पाळी येईल तेव्हा वहीत पहिली नोंद करा आणि दोन-तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. दुखणं अचानक असह्य झालं, चक्कर आली, ताप चढला किंवा पाळी चुकलेली असताना दुखून रक्त गेलं, तर वहीसाठीही थांबू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.