दहा मिनिटांची खरी विश्रांती

‘डॉक्टरसाहेब, दुपारी तासभर आडवा होतो, पण उठल्यावर डोके आणखीनच जड!’ इतवारीतील एका दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांची ही तक्रार. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सारे ठीक निघाले. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जेवणानंतर ते गादीवर पडत. हातात मोबाइल, त्यावर दुकानाचेच निरोप. अर्ध्या तासाने डोळा लागे आणि नेमक्या गाढ झोपेत घरचे उठवीत. शरीर आडवे होते, डोके मात्र दुकानातच!

काम थांबणे आणि विश्रांती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाने जो भाग थकला, त्याला सुटी मिळाली तरच ताजेतवाने वाटते. यासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

१) कामाच्या उलट करावे. बैठे काम असेल तर उठून पाच मिनिटे चालावे. दिवसभर उभे राहणाऱ्यांनी बसून पाय थोडे उंचावर ठेवावेत. कागद किंवा पडदा पाहून डोळे शिणले असतील तर दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, पापण्यांची उघडझाप करावी. मोबाइल पाहणे ही डोळ्यांची विश्रांती नव्हे.

२) झोप वीस मिनिटांचीच घ्यावी. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी सुस्ती हा आळस नसून शरीराच्या घड्याळाचा भाग आहे. त्यातून मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. परंतु अर्ध्या तासाहून अधिक झोपल्यास झोप गाढ होते आणि मध्येच उठल्यास जडपणा येतो. म्हणून गजर लावावा. आपली वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर पडणे, आम्लपित्ताच्या रुग्णांनाही सोयीची. त्या कुशीवर जठरातील आम्ल वर येण्याचे प्रमाण कमी होते. चारनंतर मात्र झोपू नये. रात्रीची झोप बिघडते.

३) वेळ ठरवून घ्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुटी सक्तीची केली होती. गृहिणीला असा कायदा कोणी केला नाही. भाजी निवडत टीव्ही पाहणे ही विश्रांती समजू नये. दहा मिनिटे पाणी पिऊन, हातात काहीही न घेता स्वस्थ बसावे. तेवढा वेळ घरच्यांनी तिला हाक मारू नये.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. नीट विश्रांती घेऊनही दोन-तीन आठवडे थकवा राहिला, तर तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार यांची सुरुवात अशीच होऊ शकते. विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. मोठ्याने घोरणारे आणि दिवसा पेंगणारे यांनी झोपेत श्वास अडतो का, हे तपासावे. चालताना छातीत दाब किंवा धाप जाणवल्यास आठवड्यांची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

इतवारीचे ते गृहस्थ पंधरा दिवसांनी आले. मोबाइल आता गल्ल्यात कुलूपबंद असतो आणि दुपारी वीस मिनिटांचा गजर वाजतो. डोके हलके आहे. औषध म्हणाल तर एक गोळीही द्यावी लागली नाही.